स्किनी, स्लिम आणि स्किन्ट

प्रश्न : माझा भाचा इंग्लंडमध्ये लीड्सला शिकतो. फोनवर बोलताना तो सहज म्हणाला, "मामा, सध्या मी स्किन्ट आहे." मी शब्दकोश उघडला, तर तिथे ‘कफल्लक’ असा अर्थ. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी पैसे पाठवतो म्हणून फोन केला, तर म्हणाला, "अहो मामा, शुक्रवारी माझा पगार होईल की!" मग ‘स्किन्ट’ म्हणजे नेमकं काय? आणि ‘पुअर’ हा सरळ शब्द असताना इंग्रजीला पैसे नसण्यासाठी एवढे शब्द कशाला लागतात? (एक वाचक, कराड)

उत्तर : तुमचा भाचा खरं बोलला आणि शब्दकोशाचंही चुकलेलं नाही. फक्त हा शब्द कोण, कोणाबद्दल आणि कोणापाशी बोलतो, ते शब्दकोशाच्या एका ओळीत मावत नाही. पैसे नसण्याचे इंग्रजी शब्द समजून घ्यायचे, तर अर्थाच्याही आधी हे विचारावं लागतं.

‘स्किन्ट’ हे ‘स्किन्ड’चं बोलीतलं रूप आहे. स्किन म्हणजे कातडी, स्किन्ड म्हणजे सोललेला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तो ब्रिटनच्या बोलीत रुळला. आज तिथला विद्यार्थी, नळदुरुस्तीवाला, बँकेतला कारकून, कोणीही महिनाअखेरीला तो वापरतो. अमेरिकेत तो फारसा ऐकू येत नाही. माणूस तो स्वतःबद्दल, ओळखीच्या माणसापाशी आणि चार दिवसांच्या अडचणीबद्दल बोलतो. आपल्याकडची कॉलेजातली मुलं ‘सध्या जाम कडकी आहे’ म्हणतात, तोच हा भाव. कडकीतला मुलगा गरीब घरचा असतोच असं नाही. शुक्रवारी पगार झाला की कडकी संपते.

लंडनच्या ईस्ट एन्डमधल्या कॉकनी लोकांनी या शब्दाला आणखी एक वळण दिलं. तिथे यमक जुळवून शब्द लपवण्याची जुनी रीत आहे. जखमेवर बांधायच्या, बोरिक ॲसिड लावलेल्या कापडाला ‘बोरॅसिक लिंट’ म्हणत. ‘लिंट’चं यमक ‘स्किन्ट’शी जुळतं, म्हणून पैसे नसले की ‘बोरॅसिक लिंट’ म्हणायचं. पुढे यमकाचा शब्दच गळाला आणि ‘बोरॅसिक’ किंवा ‘ब्रॅसिक’ एवढंच उरलं. आपली अडचण आपल्या माणसाला कळावी आणि परक्याला कळू नये, अशी ही सोय. मला ती फार माणसाळलेली वाटते.

‘ब्रोक’ हा याच घरातला, पण जास्त फिरलेला शब्द. तो अटलांटिकच्या दोन्ही काठांवर चालतो. हे ‘ब्रोकन’चं जुनं रूप, मोडलेला, बसलेला. त्याच्या शेजारी ‘बँकरप्ट’ ठेवा. तो इटालियन ‘बांका रोत्ता’वरून आला, बांका म्हणजे सराफ ज्यावर बसून व्यवहार करत ते बाकडं, रोत्ता म्हणजे मोडलेलं. बँक हा शब्दही त्याच बाकड्यावरून आलेला. बँकरप्ट ठरवायला न्यायालय लागतं. ब्रोक व्हायला महिन्याची पंचवीस तारीख पुरते. ‘हार्ड अप’, ‘शॉर्ट’, ‘स्ट्रॅप्ड फॉर कॅश’ हे सगळे ‘ब्रोक’च्याच गोतावळ्यातले. ‘हँड टू माउथ’ जगणं थोडं वेगळं : रोज कमवायचं आणि रोज खायचं. आपण त्याला हातावर पोट असणं म्हणतो.

मग येतात जड, घरंदाज शब्द. ‘स्ट्रेटन्ड सर्कमस्टान्सेस’ हा शब्दप्रयोग जुन्या कादंबऱ्यांत एकेकाळच्या सुखवस्तू घराच्या पडत्या काळासाठी येतो. स्ट्रेट म्हणजे अरुंद. फारसीतला ‘तंग’ही अरुंदच, आणि त्यावरून आपली तंगी. ‘इम्पिक्युनिअस’ हा सरळ लॅटिनमधून आलेला. लॅटिनमध्ये पेकुनिया म्हणजे पैसा आणि पेकुस म्हणजे गुरंढोरं. संस्कृतातला ‘पशु’ आणि इंग्रजीतला ‘फी’ हेही त्याच मुळाचे. गुरं हेच धन मानणाऱ्या समाजाची खूण त्यात राहिली आहे. ‘पशुधन’ म्हणताना आपणही तेच म्हणतो. पण आज इम्पिक्युनिअस हा शब्द शिकलेला माणूसच वापरतो, आणि पुष्कळदा आपली अडचण सभ्य कपड्यात गुंडाळण्यासाठी. चार्ल्स डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मधले मिस्टर मिकॉबर असेच. घरात पैसा नाही, दाराशी सावकार उभे, पण तोंडात लॅटिन वळणाची लांबलचक वाक्यं आणि उद्या काहीतरी चांगलं होईल ही आशा. डिकन्सला हा माणूस घरातच भेटला होता. त्याचे वडील १८२४ मध्ये कर्जापायी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात गेले, आणि बारा वर्षांच्या चार्ल्सला बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात कामाला लागावं लागलं. मिकॉबर हे नाव आता इंग्रजी शब्दकोशात सामान्यनाम म्हणून बसलं आहे.

हे झाले माणसाने आपल्यासाठी निवडलेले शब्द. ‘पुअर’ आणि त्याचा सख्खा भाऊ ‘पॉपर’ यांची गोष्ट वेगळी आहे.

दोन्ही लॅटिनच्या ‘पाउपेर’चे वंशज. एक फ्रेंचमधून आला, बोलण्यात झिजला आणि ‘पुअर’ झाला. दुसरा न्यायालयाच्या लॅटिनमधून जसाच्या तसा आला आणि ‘पॉपर’ राहिला. १६०१ च्या इंग्लंडच्या गरिबांच्या कायद्याने, म्हणजे पुअर लॉने, गरिबांना पोसण्याची जबाबदारी गावच्या पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या स्थानिक कारभारावर, टाकली. त्यासाठी घरपट्टीसारखा कर बसवला. ज्याला या निधीतून मदत मिळे तो पॉपर. म्हणजे हा शब्द नुसती परिस्थिती सांगत नव्हता, सरकारदप्तरातला दर्जा सांगत होता. १६९७ च्या कायद्याने तर मदत घेणाऱ्याने उजव्या खांद्यावर लाल किंवा निळ्या कापडात ‘पी’ हे अक्षर आणि आपल्या पॅरिशचं आद्याक्षर शिवून घ्यायचं, असा हुकूम निघाला. शब्दाचं पहिलं अक्षर अंगावर वागवायचं! ही सक्ती कायद्यातून जायला १८१० उजाडलं.

त्यानंतर आलेला १८३४ चा सुधारित कायदा जास्त कठोर होता. धडधाकट माणसाला मदत हवी असेल तर त्याने वर्कहाउसमध्ये येऊन राहावं, हे त्याचं सूत्र. नवरा, बायको आणि मुलं वेगवेगळ्या विभागांत. गणवेश वेगळा, जेवण मोजून. आतलं जगणं बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुरापेक्षा कमी सुखाचं असलं पाहिजे, असं तत्त्व लेखी मांडलेलं होतं. ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधला मुलगा दुसऱ्यांदा पेज मागतो आणि सगळे हादरतात, तो प्रसंग या पार्श्वभूमीवर वाचायला हवा, ती कादंबरी १८३७ पासून मासिकात येत होती, कायदा तेव्हा ताजा होता. त्याआधी १८३२ मध्ये शरीरशास्त्राचा एक कायदा आला. ज्याच्या प्रेताला कोणी वारस पुढे येत नाही, अशा वर्कहाउसमधल्या माणसाचं शव वैद्यकीय शाळांकडे शवविच्छेदनासाठी देता येऊ लागलं. ‘पॉपर्स फ्युनरल’, म्हणजे पॅरिशच्या खर्चाने होणारं मर्तिक, या शब्दांची इंग्लंडच्या कष्टकऱ्यांना किती धास्ती होती, ती यावरून कळेल. पोटाला चिमटा काढून ते मर्तिकाच्या विम्याचे पेन्स दर आठवड्याला भरत. पॅरिशची मदत घेणाऱ्याला मताचा अधिकारही नसे. तो अडसर १९१८ मध्ये गेला. पुअर लॉ संपला तो १९४८ मध्ये.

म्हणून एखाद्या इंग्रज आजीने तुमच्या भाच्यासमोर ‘आम्ही ब्रोक होतो, पण पॉपर नव्हतो’ असं म्हटलं, तर ते वाक्य हलकं समजू नये. तिच्या आजी-आजोबांची सगळी धडपड त्या दोन शब्दांमधल्या अंतरासाठी होती.

याच काळात ‘डिझर्व्हिंग पुअर’ आणि ‘अनडिझर्व्हिंग पुअर’ अशी विभागणी चालू होती : मदतीला लायक गरीब आणि नालायक गरीब. जॉर्ज बर्नार्ड शॉने ‘पिग्मॅलियन’मध्ये आल्फ्रेड डूलिटल या कचरा वाहणाऱ्या माणसाच्या तोंडून या विभागणीची साफ उलटतपासणी केली. मी नालायक गरिबांपैकी आहे, पण माझी भूक लायक माणसापेक्षा कमी आहे का, असा त्याचा रोख. पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’मुळे हे नाटक मराठी प्रेक्षकांच्या घरचं आहे. फुलराणीच्या भाषेबरोबर तिच्या बापाचं हे म्हणणंही ऐकण्यासारखं आहे.

हीच विभागणी मोजणीतही उतरली. लंडनच्या गरिबीची पाहणी करणारे चार्ल्स बूथ यांनी १८८९ पासून शहराचे नकाशे छापले, तेव्हा एकेका रस्त्याला रहिवाशांच्या परिस्थितीप्रमाणे रंग दिला. गडद निळा म्हणजे अतिगरीब, फिका निळा म्हणजे गरीब, लाल आणि पिवळा म्हणजे सुस्थितीतले. सर्वांत खालच्या वर्गाला काळा रंग, आणि सूचीत त्याच्यासमोर दुर्गुणी, अर्धे गुन्हेगार असा शेरा. बूथ यांचं काम मोठं आहे, त्यांच्या आकड्यांनी पुढे म्हातारपणीच्या पेन्शनला बळ दिलं. पण हा शेरा मला क्षम्य वाटत नाही. मोजणी करायला गेलेल्या माणसाने तिथे न्यायनिवाडाही करून टाकला.

शीबोम राउन्ट्री यांनी १८९९ मध्ये यॉर्क शहरात गरिबीची पाहणी केली आणि दोन वर्षांनी ती प्रसिद्ध केली. त्यांनी शेरे बाजूला ठेवून हिशेब मांडला : आई, बाप आणि तीन मुलं यांना नुसतं धडधाकट जगायला आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स लागतात. त्याखाली ‘पॉव्हर्टी’. असाच हिशेब त्याआधी दादाभाई नौरोजींनी मुंबईत मांडला होता. ईस्ट इंडिया असोसिएशनच्या मुंबई शाखेपुढे १८७६ मध्ये वाचलेल्या निबंधात त्यांनी दाखवलं, की तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर जेवढा खर्च होतो तेवढंही उत्पन्न मोकळ्या हिंदी माणसाच्या वाट्याला येत नाही. आणि १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधून वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी रोजचे २,२५० उष्मांक हा पाया धरून १९६०-६१ च्या किमतींना खेड्यात दरमहा १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये माणशी अशी रेषा आखली. आपल्या तोंडचा ‘दारिद्र्यरेषा’ हा शब्द या परंपरेतला आहे. त्यात माणसाच्या लायकीवर एक अक्षर नाही, हा त्याचा मोठा गुण.

१९६० नंतर सरकारी इंग्रजीत ‘पुअर’ हा शब्दच टाळायची चाल पडली. ‘नीडी’, ‘डिप्राइव्ह्ड’, ‘अंडरप्रिव्हिलेज्ड’, ‘डिसॲडव्हान्टेज्ड’, ‘लो इन्कम’ असे शब्द एकामागून एक आले. ज्यूल्स फायफर या अमेरिकन व्यंगचित्रकाराने १९६५ मध्येच एका गरिबाच्या तोंडून याचा समाचार घेतला : नावं बदलत गेली, शब्दसंपत्ती वाढली, खिशात मात्र काही पडलं नाही. ‘डिप्राइव्ह्ड’ हा त्यातला मला सर्वांत खरा वाटतो, कारण वंचित म्हटलं की वंचित कोणी केलं, हा प्रश्न मागोमाग येतो.

प्रश्न : ऑफिसातल्या एका सहकारी मुलीला मी कौतुकाने ‘किती स्किनी झालीस गं!’ म्हटलं, आणि ती दुखावली. ‘स्लिम’ म्हणायचं होतंस, असं मैत्रीण सांगते. दोन्हींचा अर्थ बारीकच ना? (एक वाचक भगिनी, नाशिक)

उत्तर : अर्थ बारीकच, पण ‘स्किनी’ म्हणजे हडकुळी आणि ‘स्लिम’ म्हणजे सडपातळ. मराठीतही ‘शेलाटी’ म्हटलेलं आवडतं आणि ‘काटकुळी’ म्हटलेलं लागतं. त्या मुलीचं काही चुकलं नाही.

या सगळ्यांत तटस्थ शब्द ‘थिन’. त्याचं मूळ ‘ताणणे’ या अर्थाचं. लॅटिनचा ‘तेनुइस’ आणि संस्कृतचा ‘तनु’ हे त्याचे भाऊबंद. संस्कृतात तनु म्हणजे शरीर आणि तनु म्हणजे बारीकही. ‘पातळ’प्रमाणेच थिन शब्द आमटीला चालतो, कापडाला चालतो आणि माणसालाही. तो कौतुक करत नाही की हिणवत नाही; डॉक्टर आणि पोलिस तोच वापरतात.

‘स्किनी’ म्हणजे कातडी दिसणारा, मांस नसलेला. वरच्या उत्तरातल्या ‘स्किन्ट’चीच ही बहीण : एकाचा खिसा सोललेला, दुसऱ्याचं अंग. हा योगायोग नाही. इंग्रजीत बारीकपणाचे आणि गरिबीचे शब्द कितीतरी ठिकाणी एकमेकांत मिसळतात. ‘मीगर’ हा शब्द लॅटिनच्या ‘माकेर’वरून फ्रेंचमार्गे आला, मूळ अर्थ रोडका, आज तो तुटपुंज्या पगाराला लावतात. ‘स्लेंडर’ कंबर म्हणजे नाजूक कंबर, पण ‘स्लेंडर मीन्स’ म्हणजे बेताची मिळकत. म्युरिएल स्पार्कने १९६३ मध्ये आपल्या कादंबरीला ‘द गर्ल्स ऑफ स्लेंडर मीन्स’ हे नाव दिलं. त्यात १९४५ सालच्या लंडनमधल्या मुलींच्या वसतिगृहाची कथा आहे, आणि आग लागल्यावर अरुंद खिडकीतून कोणाची सुटका होणार हे खरोखरच कमरेच्या मापावर ठरतं. ‘लीन’ मांस म्हणजे चरबी नसलेलं, तर ‘लीन इयर्स’ म्हणजे ओढगस्तीची वर्षं. हा शब्दप्रयोग बायबलमधल्या फारोच्या स्वप्नावरून आला. त्याला सात पुष्ट गाई दिसतात आणि त्यांना खाणाऱ्या सात रोडक्या गाई. योसेफ अर्थ सांगतो, सात वर्षं सुबत्तेची आणि मग सात दुष्काळाची.

कारण उघड आहे. शतकानुशतकं माणूस बारीक असे तो पुरेसं खायला न मिळाल्यामुळे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जेफ्री चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’मध्ये ऑक्सफर्डचा एक विद्यार्थी रंगवला. त्याचा घोडा दाताळ्यासारखा बारीक, तो स्वतः पोकळ झालेला, अंगरख्याचे धागे दिसताहेत आणि पेटीत सोनं जवळजवळ नाही, कारण जे मिळतं ते पुस्तकांवर जातं. ‘थिन ॲज अ रेक’ ही म्हण आणि ‘थ्रेडबेअर’ हा शब्द, एक बारीकपणाचा आणि एक गरिबीचा, त्या एकाच वर्णनात शेजारी सापडतात. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये विष विकणारा औषधविक्या आहे. विष विकलं तर मृत्युदंड, हे त्याला ठाऊक आहे. रोमिओ त्याच्या बसलेल्या गालांकडे बघतो आणि ओळखतो की हा माणूस चाळीस सुवर्णनाण्यांना नाही म्हणू शकणार नाही. सगळं नाटक प्रेमाचं म्हणून वाचलं जातं. त्यातला हा भुकेला माणूस मात्र माझ्या मनातून जात नाही.

शेक्सपिअरच्या काळात बारीकपणा हा हिणवण्याचाही विषय होता. ‘चौथा हेन्री’च्या पहिल्या भागात धिप्पाड फॉल्स्टाफ राजपुत्राला वाळवलेल्या माशाची उपमा देतो, आपल्या कोकणात ‘सुका बोंबील’ म्हणतात तसं. आणि ‘ज्युलिअस सीझर’मध्ये सीझरला कॅशिअसची भीती वाटते ती तो रोडका आहे म्हणून. आपल्याभोवती लठ्ठ, शांत झोपणारी माणसं हवीत असं तो म्हणतो.

‘स्लिम’ची जन्मकथाही चांगली नव्हे. जुन्या डच भाषेत ‘स्लिम’ म्हणजे वाकडा, वाईट, आणि जर्मन ‘श्लिम’ आजही वाईटच. सतराव्या शतकात तो इंग्रजीत आला आणि बारीक माणसाला लागला. त्याचं कौतुकात रूपांतर झालं ते अन्न मुबलक झाल्यावर, आणि तेही आधी श्रीमंत वर्गात. विल्यम बँटिंग हे लंडनचे अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारे नामांकित व्यावसायिक. राजघराण्याची कामंही त्यांच्या पेढीकडे असत. शरीर इतकं सुटलं की बुटाची नाडी बांधता येईना. डॉक्टरने साखर, पाव, बटाटे बंद केले, तेव्हा उतार पडला. १८६३ मध्ये त्यांनी लठ्ठपणावर एक पत्रवजा पुस्तिका छापली, ती इतकी खपली की वजन उतरवण्याला इंग्रजीत ‘बँटिंग’च म्हणू लागले. इंग्रजीत आता तो शब्द मागे पडला, पण स्वीडिश भाषेत डाएट करण्याला अजून ‘बांता’ म्हणतात.

पुढची शंभर वर्षं वजनकाट्याची दिशा तीच राहिली. १९६६ मध्ये लंडनच्या सोळा वर्षांच्या लेस्ली हॉर्नबीला एका वर्तमानपत्राने वर्षाचा चेहरा म्हटलं. तिचं टोपणनाव ट्विगी. ट्विग म्हणजे झाडाची काटकी. ज्या शब्दाने शाळेत चिडवावं, तो जगभर पोस्टरवर गेला. आणि २००६ मध्ये उरुग्वेची लुइसेल रामोस ही मॉडेल फॅशन शो चालू असतानाच मरण पावली. त्याच वर्षी माद्रिदच्या फॅशन सप्ताहाने बॉडी मास इंडेक्स १८ पेक्षा कमी असलेल्या मॉडेलना मंचावर यायला मनाई केली. ‘साइझ झीरो’ हा शब्द तेव्हा घरोघरी पोचला. शरीराच्या मापाला शून्य हे नाव द्यावं आणि मुलींनी त्यासाठी उपाशी राहावं, हे मला भयंकर वाटतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांमध्ये १८.५ च्या खाली कमी वजन धरते.

बारीकपणाच्या शब्दांतले सर्वांत जड दोन म्हणजे ‘गॉन्ट’ आणि ‘एमेशिएटेड’. हे कधीही गमतीत वापरू नयेत. गॉन्ट म्हणजे गाल बसलेला, डोळे खोल गेलेला. एमेशिएटेड म्हणजे भुकेने किंवा आजाराने खंगून अस्थिपंजर झालेला, ‘मीगर’च्याच मुळाचा. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात दख्खनच्या माणसांसाठी हाच शब्द खरा होता. त्या वेळी ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेम्पल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य पुरे, असा मजुरीचा दर लावायचा प्रयत्न केला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला. पुढे आपल्या राज्याने एक चमत्कारिक गोष्ट केली. १९६३ मध्ये महाराष्ट्रात लागू असलेल्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकणारा कायदा झाला, आणि त्याच्या जागी ‘स्केअर्सिटी’, म्हणजे टंचाई, आली. नऊ वर्षांनी, १९७२ मध्ये, जे आलं त्याला माझ्या वडिलांच्या पिढीने दुष्काळच म्हटलं.

आज अंगणवाडीसेविकेच्या रजिस्टरात ‘सॅम’ आणि ‘मॅम’ हे दोन शब्द असतात : तीव्र कुपोषित आणि मध्यम कुपोषित बालक. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते सॅम. हे शब्द कोरडे आहेत, पण ते उपचारापर्यंत नेतात, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे. घरातलं मूल ‘नुसतं बारीक आहे, बांधाच तसा’ म्हणून सोडून देऊ नका. अंगणवाडीत ती पट्टी एकदा दंडाला लावून घ्या.

आणि तुमच्या सहकारी मुलीला एक खरा शब्द सांगा : छान दिसतेस. वजनाचा उल्लेख कशाला?

प्रश्न : ‘ॲज पुअर ॲज अ चर्च माउस’, यात चर्चमधलाच उंदीर का? (नववीतला विद्यार्थी, चिपळूण)

उत्तर : घरात स्वयंपाकघर असतं, कोठारात धान्य असतं. चर्चमध्ये यातलं काहीच नसतं. एवढी मोठी इमारत, पण उंदराला खायला दाणा नाही. सतराव्या शतकापासून ही म्हण इंग्रजीत आहे. आपल्या ‘लंकेची पार्वती’मध्येही हाच विरोध आहे : नगरी सोन्याची आणि अंगावर एक दागिना नाही. फरक एवढा, की आपला वाक्प्रचार दागिने नसलेल्या बाईपुरता आहे, उंदराची म्हण कोणालाही चालते.

प्रश्न : मी लातूरला कायद्याचा अभ्यास करतो. पुस्तकात ‘इंडिजंट पर्सन’ असा शब्द आहे, जुन्या निकालपत्रांत त्याच ठिकाणी ‘पॉपर’ दिसतो. दोन्ही एकच का?

उत्तर : कायद्याच्या दृष्टीने एकच. इंग्लंडमध्ये सातव्या हेन्रीच्या काळात, १४९५ मध्ये, गरिबाला शुल्क न भरता दावा लावता यावा असा कायदा झाला. तिथून ही सवलत ब्रिटिशांबरोबर आपल्याकडे आली आणि १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३३ मध्ये बसली. तेव्हा शब्द होता पॉपर. वर सांगितलेला त्याचा इतिहास लक्षात घेतला तर तो का बदलावासा वाटला ते कळेल. १९७६ च्या दुरुस्तीने तिथे ‘इंडिजंट पर्सन’ आलं. इंडिजंट हाही लॅटिनच, अर्थ गरजवंत.

मराठीत आपल्याकडे याला नेमका शब्द होता, ‘नादार’. फारसीत त्याचा अर्थ ज्याच्यापाशी काही नाही असा. जुन्या पिढीतल्या कितीतरी माणसांचं शिक्षण शाळेतल्या नादारीवर झालं. फी माफ होणं म्हणजे नादारी मिळणं.

कोर्ट फी भरण्याइतकी साधनं ज्याच्याकडे नाहीत तो ऑर्डर ३३ खाली अर्ज करू शकतो. त्याच्याकडे काय आहे हे बघताना जप्तीतून वगळलेली मालमत्ता आणि खुद्द दाव्याची मालमत्ता धरत नाहीत. परवानगी मिळाली की फी न भरता दावा चालतो. मात्र फी कायमची माफ होत नाही : दावा जिंकला तर ती दाव्यात मिळालेल्या मालमत्तेवर पहिला बोजा म्हणून वसूल होते, आणि हरला तर न्यायालय वादीला ती भरायला सांगतं. हे अशिलाला सुरुवातीलाच सांगायला हवं. वकीलच नसेल, तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि कोठडीतली माणसं यांना तर त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही. तुमच्या गावात कोणी केवळ फी नाही म्हणून हक्काची जमीन किंवा पोटगी सोडून बसलं असेल, तर त्यांना तिथवर घेऊन जा.